पीटर गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर': गाणं, व्हिडिओ आणि एक चेहरा

कॅसेटवाला

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी 'म्युझिक व्हिडिओ म्हणजे गाण्याची जाहिरात, दुसरं काय' असं लिहून मोकळं झालं. तिथे अवांतर करत बसण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय.

जाहिरात ती होतीच, नाकारत नाही. 'स्लेजहॅमर' एप्रिल १९८६ मध्ये सिंगल म्हणून आलं आणि ज्या अल्बमसाठी ते पुढे धाडलं होतं तो 'सो' आला मे महिन्यात. एमटीव्हीचा जमाना, त्यामुळे सिंगल म्हटलं की व्हिडिओ आलाच. पण या व्हिडिओत नक्की काय चाललंय ते कळायला आधीचा गॅब्रिएल माहीत असावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांची त्याच्याशी पहिली भेट इथेच झाली, म्हणून जरा मागे जातो.

हा माणूस जेनेसिस बँडचा मूळ गायक. १९७५ मध्ये त्याने बँड सोडला. त्याआधीची काही वर्षं तो रंगमंचावर स्वतःच्या तोंडाने फार कमी यायचा. १९७२ मध्ये बायकोचा लाल झगा आणि वर कोल्ह्याचं मुंडकं घालून आला, बँडमधल्या बाकीच्यांना पत्ताही नव्हता. मग कधी डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या, कधी जख्ख म्हाताऱ्याचा मुखवटा. शेवटच्या दौऱ्यात तर अंगभर गाठी आलेलं असं काही सोंग होतं की माइक तोंडापर्यंत नेताना पंचाईत व्हायची.

बँड सोडल्यावर चार अल्बम काढले. चारींचं नाव एकच, 'पीटर गॅब्रिएल'. मुखपृष्ठं बघा: पहिल्यावर तो पावसाने भिजलेल्या गाडीच्या काचेआड बसलाय, दुसऱ्यावर स्वतःचाच फोटो नखांनी ओरबाडतोय, तिसऱ्यावर अर्धा चेहरा वितळून गेलाय आणि चौथ्यावर तर तो आहे हे सांगावं लागतं. अमेरिकेत जेफेन कंपनीने वैतागून चौथ्यावर 'सिक्युरिटी' असं नाव चिकटवलं. पाचव्याला नाव हवंच असा तगादा लागला तेव्हा पठ्ठ्याने एका अक्षरात उरकलं. पण पाचव्याच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा साधा, स्वच्छ फोटो आला. सरळ बघणारा माणूस.

आणि त्याच वेळी हा व्हिडिओ. सुरुवातीची सूक्ष्मदर्शकातली दृश्यं संपली की पडद्यावर बोट, कान, डोळा, ओठ, सगळं इतकं जवळून की अंगावर यावं. मग त्या चेहऱ्याचं काय काय होतं! त्यावर निळं आकाश आणि ढग रंगतात, डोक्याभोवती खेळण्यातली आगगाडी फिरते, फळांचा चेहरा होतो, बर्फाचा होतो, मातीचा होतो. यातल्या एका भागासाठी गॅब्रिएल काचेखाली १६ तास पडून होता.

माझं म्हणणं एवढंच. ज्याने अख्खी कारकीर्द चेहरा लपवण्यात घालवली, त्याने तो शेवटी दाखवला तेव्हा कच्चा माल म्हणून दाखवला. 'घ्या, याचं काय करायचं ते करा.' त्या काळचे बाकीचे व्हिडिओ आठवा. गायक देखणा दिसावा म्हणून सगळा आटापिटा. इथे गायकाच्या तोंडावरून आगगाडी जाते.

दिग्दर्शक स्टीफन आर. जॉन्सन. अ‍ॅनिमेशन ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचं, काही भाग ब्रदर्स क्वे या जुळ्या भावांचा. १९८७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या एका व्हिडिओने नऊ बक्षिसं नेली. तो विक्रम आजवर मोडलेला नाही.

बोला.

रानजाई

अगदी अगदी! स्टार टीव्ही आला तेव्हा केबलवाल्याच्या कृपेने एमटीव्ही दिसायचं, त्यात पाहिलाय. तोवर व्हिडिओ जुना झाला होता हे नंतर कळलं, आमच्यासाठी नवाच होता. गायक कोण, बँड कुठला, काही माहीत नव्हतं. पण त्या दोन सोललेल्या कोंबड्या नाचायला लागल्या आणि आजी म्हणाली, "बंद करा गं ते, जेवणाची वेळ आहे."

चेहऱ्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता कधी. आता पुन्हा बघते.

निमूट

लेख छान, पण मी विरुद्ध पक्षात. या व्हिडिओने गाणं खाल्लं. 'स्लेजहॅमर' म्हटलं की लोकांना आगगाडी आठवते, कोंबड्या आठवतात. बास गिटारची ती ओळ कुणी गुणगुणतं का? पीटर गॅब्रिएलने मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, बाबा रे, इतका चांगला व्हिडिओ करू नकोस.

ढोलताशा

निमूट, बासची ओळ मी गुणगुणतो, आणि घरच्यांच्या शिव्याही खातो.

आता विषय काढलाच आहे तर गाण्याबद्दल लिहितो, कारण धाग्यात अजून गाणं आलेलंच नाही.

हे गाणं राहून जाणार होतं. 'सो'चं काम बाथजवळच्या अ‍ॅशकोम हाऊस या घरातल्या स्टुडिओत चाललेलं, निर्माता डॅनियल लान्वा. काम उरकत आलं होतं, टोनी लेविनने बास पेटीत भरून ठेवला होता. तेवढ्यात गॅब्रिएल म्हणाला, अजून एक गाणं आहे, पुढच्या अल्बमसाठी म्हणून बघू. लेविनने बास परत बाहेर काढला. ड्रम्सवर मनू काचे. त्याने जे वाजवलं ते एकाच टेकमध्ये, आणि पुन्हा वाजवायला तयार नव्हता. म्हणाला, दुसऱ्यांदा याहून चांगलं येणार नाही. ऐकून बघा, खरंच आहे. घासूनपुसून वाजवलेलं नाही ते, कुठे पुढे रेलतो, कुठे मागे थांबतो. ऐंशीच्या दशकात ड्रम मशीनने सगळ्यांचा ताल इस्त्री केला होता, त्यात हा.

लेविनचा बास फ्रेटलेस आहे, म्हणजे दांडीवर पडदे नाहीत, त्यामुळे सूर सरोदसारखा घसरवता येतो. पण तो वाजवलाय पिकने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पातीने. सहसा फ्रेटलेस वाजवणारे बोटांनी वाजवतात, मऊ आवाज काढायला. इथे मिंडही आहे आणि टोचराही. निमूट म्हणतात ती ओळ म्हणूनच डोक्यात अडकते.

आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं! ट्रम्पेटवर वेन जॅक्सन, मेम्फिस हॉर्न्स या ताफ्यातला. हा माणूस अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगच्या मागे वाजवायचा. गॅब्रिएलने शाळकरी वयात, १९६६ मध्ये, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या रॅम जॅम क्लबात ओटिस रेडिंगला ऐकलं होतं आणि तो कार्यक्रम त्याच्या डोक्यातून कधीच गेला नाही. वीस वर्षांनी त्याच ओटिसचा ट्रम्पेटवाला बोलावून हे गाणं केलं. त्यामुळे 'स्लेजहॅमर' हे रॉकवाल्याने केलेलं सोल आहे. शेवटी मागच्या गायिका ज्या उत्तरं देतात, त्यात पी. पी. अर्नल्ड आहे. ती टीना टर्नरच्या ताफ्यातून इंग्लंडला आलेली. सगळी माणसं अस्सल गोळा केलीत.

कोपऱ्यातला बाक

ढोलताशा, माहिती उत्तम. पण तुम्ही नकळत माझ्या मुद्द्याला दारूगोळा पुरवलात. जेनेसिसमध्ये वीस-वीस मिनिटांच्या रचना करणारा, तिसऱ्या अल्बमवर ड्रम्समधून झांजा हद्दपार करणारा, त्याच अल्बमवर दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेदविरोधी कार्यकर्ता स्टीव्ह बिको याच्यावर गाणं लिहिणारा माणूस. तो साठच्या दशकातलं सोल चकचकीत कागदात गुंडाळून एमटीव्हीला विकतो. याला आमच्याकडे 'धंदा' म्हणतात. वाईट नाही, पण नाव द्या ना नीट.

कॅसेटवाला

बाकराव, बिको लिहिणारा आणि स्लेजहॅमर लिहिणारा माणूस एकच आहे हीच तर गंमत. 'सो' काढून बघा. त्याच अल्बमवर केट बुशबरोबरचं 'डोन्ट गिव्ह अप' आहे, बेकारीवरचं. 'मर्सी स्ट्रीट' आहे. युसू न्दूर शेवटी सेनेगलमधल्या वोलोफ भाषेत गातो ते 'इन युअर आइज' आहे. विकायचंच होतं तर हे कशाला ठेवलं असतं?

आणि पैशाचा मुद्दा काढलात तर तोही पूर्ण ऐका. १९८२ मध्ये गॅब्रिएल आणि मित्रांनी इंग्लंडात शेप्टन मॅलेटला वोमॅड हा जगभरच्या संगीताचा महोत्सव भरवला. कलेच्या दृष्टीने झकास, हिशेबाच्या दृष्टीने दिवाळं. देणेकरी मागे लागले, धमक्या आल्या. शेवटी जेनेसिसच्या जुन्या मित्रांनी त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मिल्टन कीन्सला एकत्र येऊन एक कार्यक्रम केला, त्याचं कर्ज फिटावं म्हणून. धो धो पाऊस होता. गॅब्रिएल त्या दिवशी शवपेटीतून रंगमंचावर आला.

अशा माणसाने चार वर्षांनी एक हिट गाणं केलं तर मी तरी नाक मुरडणार नाही. 'सो'नंतर त्याने बॉक्स या गावी रिअल वर्ल्ड स्टुडिओ उभारला, १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी काढली आणि नुसरत फतेह अली खान युरोपातल्या दुकानांत पोचले ते मोठ्या प्रमाणावर त्या कंपनीमुळे. कोंबड्या नाचल्या म्हणून कव्वाली ऐकू आली असं म्हणायला हरकत नाही :)

कोपऱ्यातला बाक

शवपेटीवाला किस्सा माहीत नव्हता. अर्धा मुद्दा मागे. उरलेला अर्धा राखून ठेवतो.

चौकट_चोवीस

या विषयावर मला गप्प बसवणार नाही. पोटापाण्यासाठी अ‍ॅनिमेशन करतो, पुण्यात. बहुतेक वेळ कॉम्प्युटरवर जातो, पण शिकताना हातानेच केलं.

आधी एक स्पष्टीकरण, कारण सगळे 'क्लेमेशन', म्हणजे मातीच्या बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन, म्हणतात. माती यात थोडीच आहे. मोठा भाग पिक्सिलेशनचा आहे. म्हणजे बाहुलीऐवजी जिवंत माणूस घ्यायचा, त्याला एका स्थितीत थांबवायचं, एक चौकट (फ्रेम) टिपायची, किंचित हलवायचं, पुन्हा टिपायची. कॅनडाच्या नॉर्मन मॅकलॅरेनने १९५२ मध्ये या पद्धतीने दोन शेजाऱ्यांची मारामारी दाखवून ऑस्कर मिळवलं होतं.

आता यात गाणं घाला म्हणजे कसोटी कळेल. माणूस गाताना दिसला पाहिजे, पण प्रत्यक्षात तो गात नाहीये, तो थिजलेला आहे. त्यामुळे आधी ध्वनिमुद्रण चौकटीचौकटीत फोडायचं. कुठल्या चौकटीला ओठ मिटलेले, कुठल्या चौकटीला 'आ', कुठे जीभ दातांना, हे सगळं तक्त्यावर उतरवायचं. त्याला आम्ही डोप शीट म्हणतो. मग समोरच्या माणसाला सांगायचं, आता 'ओ'चं तोंड कर आणि धरून ठेव. कॅमेरा टिपतो. आता अर्धा 'ओ'. टिपतो. पाच मिनिटांचं गाणं, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे नुसत्या हिशेबाने ७,२००. दोन-दोन चौकटींना एक स्थिती धरली तरी ३,६०० वेळा कुणीतरी काहीतरी हलवायचंय.

काच कशाला, असं कुणी विचारलं नाही अजून. उभ्या माणसाच्या तोंडाभोवती फळं लावायची तर ती पडणार. म्हणून माणूस आडवा, त्याच्यावर काच, काचेवर वस्तू, आणि कॅमेरा वरून खाली बघतोय. पडद्यावर सगळं हवेत तरंगतंय असं वाटतं. आता काचेखाली पडलेल्याची अवस्था बघा. वरून स्टुडिओचे दिवे. घाम फुटला तर चमक बदलते, पापणी लवली तर चौकट वाया, मान अर्धा सेंटिमीटर सरकली तर पडद्यावर डोकं टुणकन उडतं. आणि १९८६ मध्ये आजच्यासारखं मागची चौकट आणि आत्ताची चौकट शेजारी ठेवून बघायची सोय नव्हती. फिल्म लॅबमधून धुऊन येईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं.

म्हणून कॅसेटवाल्यांचा मुद्दा मला पटतो, पण माझ्या कारणाने. गायकाने इथे नटाचं काम केलेलं नाही, बाहुलीचं केलंय. मोठ्या गायकाने बाहुली व्हायला तयार होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. आमच्याकडे कलाकार मंडळी दोन तास मेकअपला बसायचं म्हटलं तरी घड्याळ बघतात.

रानजाई

चौकटराव, दंडवत. हे वाचून मान अवघडली.

भरतवाक्य

चौकट_चोवीस यांच्या प्रतिसादाला पुरवणी. हा सगळा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं होतं. कॅमेरा एका जागी, रोप कुंडीत, रोज थोडं थोडं चित्रण. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटून वेल वर चढते. ते दाखवूनच त्यांनी भांडवल उभं केलं. आणि १९१५ ची 'आगकाड्यांची मौज' म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीने हलवून केलेला छोटा चित्रपट. तो आज उपलब्ध नाही. ब्रिस्टलच्या कोंबड्या नाचल्या त्याच्या ७१ वर्षं आधी आपल्या काड्या नाचून गेल्यात.

चौकट_चोवीस

भरतवाक्य, अगदी बरोबर. आणि वाटाण्यात वेळ आकुंचन पावतो, काड्यांत निर्जीव वस्तू जिवंत होते. 'स्लेजहॅमर'मध्ये तिसरी उलटी गोष्ट आहे, जिवंत माणसाला निर्जीव वस्तूसारखं हलवलंय. तिन्हींचं यंत्र एकच: टिपा, थांबा, हलवा.

सातवं छिद्र

मी बासरीवाला, त्यामुळे माझा मुद्दा पहिल्या काही सेकंदांपुरता.

सुरुवातीला जी वाऱ्यासारखी फुंकर येते ती शाकुहाची, जपानी बांबूची बासरी. आडवी नाही, उभी धरतात, वरच्या टोकाच्या खाचेवर फुंकतात, छिद्रं पाच. पण इथे कुणी जपानी वादक बसलेला नाही. इम्युलेटर टू नावाच्या सॅम्पलरमधला, म्हणजे आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रातला, तयार आवाज आहे, कळपट्टीवर वाजवलेला. कान देऊन ऐकलंत तर कळेल की फुंकरीची घडण प्रत्येक सुराला तशीच येते. खरा वादक दोन वेळा सारखी फुंकर मारूच शकत नाही.

आता गंमत बघा. ढोलताशा म्हणतात सगळी माणसं अस्सल गोळा केली, आणि गाण्याचं दार उघडतं ते नकली बासरीने! मला आधी राग यायचा. आता वाटतं, ठीक आहे, पुढे ब्रास जो धाडकन येतो तो त्या थंडगार आवाजामुळेच जास्त गरम लागतो.

हाच शाकुहाचीचा आवाज पुढे इतक्या गाण्यांत आणि जाहिरातींत वापरला गेला की विचारू नका.

ढोलताशा

हे भारी निरीक्षण. थंड-गरम पटलं.

मिरजेची_सून

सगळं छान चाललंय, पण मुख्य गोष्ट कुणी बोलतच नाहीये म्हणून मीच बोलते. गाण्याचे शब्द चावट आहेत हो! विमान, आगगाडी, बंपर कार, फळं, मध, घण, सगळ्याचा रोख एकाच दिशेला. आणि व्हिडिओच्या सुरुवातीला शुक्रजंतू पोहताना दाखवलेत, म्हणजे दिग्दर्शकाने शंकेला जागाच ठेवली नाही. मी हे लेकीबरोबर बघायला बसले होते. ती म्हणाली, "आई, हे टॅडपोल आहेत ना?" मी म्हटलं, हो.

ढोलताशा

मिरजेची_सून, हसून मेलो. पण तोही ओटिसच्या घराण्याचाच भाग आहे. ब्लूज आणि जुन्या सोलमध्ये ही सूचक भाषा ठरलेलीच असते. यंत्रं, स्वयंपाकघर, वाहनं, काहीही घ्या, अर्थ तोच. आपल्या लावणीत ऊस, कैरी आणि डाळिंब काय फळबागेविषयी असतात का? ऐकणाऱ्याला कळतं, गाणाऱ्याला कळतं, आणि दोघं मिळून साळसूद चेहरा ठेवतात.

मिरजेची_सून

साळसूद चेहरा! घ्या, पुन्हा चेहऱ्यावरच आलो.

पाटी_कोरी

उशिरा येतोय, पण विरोध नोंदवतो. कॅसेटवाल्यांचं चेहऱ्याचं सूत्र मला ओढूनताणून वाटतं. हा व्हिडिओ गॅब्रिएलच्या मनोविश्लेषणातून आलेला नाही, जॉन्सनच्या डोक्यातून आलाय. त्याने आदल्या वर्षी टॉकिंग हेड्स बँडच्या 'रोड टू नोव्हेअर'साठी याच जातीचं काम केलं होतं. त्यांचा गायक डेव्हिड बर्न खुर्चीत बसलाय आणि त्याच्याभोवती वस्तू गरगरतायत. तिथे बर्नने कोणता मुखवटा काढला? तंत्र जॉन्सनचं, मातीकाम आर्डमनचं, फळांचा चेहरा तर सरळ सोळाव्या शतकातल्या आर्चिम्बोल्डो या इटालियन चित्रकाराचा. गॅब्रिएलचं श्रेय इतकंच की तो आला, झोपला आणि हलला नाही.

शिवाय, चेहरा 'दाखवला' कुठे? फळांखाली, मातीखाली, बर्फाखाली पुन्हा झाकलाच की. कोल्ह्याचं मुंडकं काय नि अननस काय.

कॅसेटवाला

पाटी_कोरी, पहिला परिच्छेद मान्य आहे. 'रोड टू नोव्हेअर'चा मुद्दा तर लेखात हवा होता इतका चपखल आहे. तरी 'आला, झोपला आणि हलला नाही' यालाच मी श्रेय म्हणतोय.

दुसऱ्यावर मात्र अडतो. कोल्ह्याच्या मुंडक्याआड माणूस सुरक्षित असतो. प्रेक्षकाला तो घाबरलाय की कंटाळलाय काही कळत नाही. इथे आवरणं येतात आणि जातात, आणि प्रत्येक वेळी मधे तो उघडा चेहरा परत येतो. जवळून, छिद्रांसकट, केस विस्कटलेला, थकलेला. काही चौकटींत डोळ्यांत शीण सरळ दिसतो. मुखवट्यात हे शक्य नसतं. आणि शेवटी बघा ना, अंगभर दिव्यांचा पोशाख करून तो अंधारात चालत जातो तेव्हा परत सोंगच घेतो. तेव्हा अर्धं तुमचंही बरोबर.

पाटी_कोरी

शीण दिसतो हे खरंय. मी त्याला अभिनय समजत होतो, चौकटरावांचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं की बिचारा खरंच दमला होता.

निमूट

माझ्या 'व्हिडिओने गाणं खाल्लं' याला कुणी उत्तर दिलं नाही, ढोलताशांनी गाण्याचं कौतुक केलं, ते वेगळं.

भरतवाक्य

निमूट, आकडेच बघू या. गाणं अमेरिकेत २६ जुलै १९८६ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, इंग्लंडात चौथ्यापर्यंत. अमेरिकेत पहिला क्रमांक त्याला आयुष्यात एकदाच मिळाला. आणि त्याने खाली ढकललेलं गाणं कुणाचं? जेनेसिसचं! 'इन्व्हिजिबल टच'. ज्या बँडमधून हा अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडला, तो बँड एक आठवडा शिखरावर होता आणि पुढच्याच आठवड्यात हा. आता हे व्हिडिओमुळे झालं की गाण्यामुळे, हे कसं वेगळं काढणार? रेडिओवर कोंबड्या दिसत नाहीत.

निमूट

'रेडिओवर कोंबड्या दिसत नाहीत' हे मान्य :) पण आज ते रेडिओवर कोण ऐकतंय? यूट्यूबवरच बघतात. १९८६ साली उत्तर काहीही असो, आता व्हिडिओ जिंकलाय.

ढोलताशा

मग उपाय सोपा आहे. 'सो'मध्ये त्याच्या आधी 'रेड रेन' आहे. ते ऐका आणि थांबवू नका. पावसाचं ते काळवंडलेलं गाणं संपतं आणि ही फुंकर येते. त्या क्रमात 'स्लेजहॅमर'ला व्हिडिओची आठवण होत नाही, निदान मला तरी.

वऱ्हाडी_ठसा

आमचे एक काका तेव्हा दिल्लीत नोकरीला होते. ३० सप्टेंबर १९८८ ला अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचा 'ह्यूमन राइट्स नाऊ' दौरा नेहरू स्टेडियमवर आला, त्यात गॅब्रिएल होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर, सगळे एकाच दिवशी. काकांना स्प्रिंगस्टीन बघायचा होता. परत येऊन मात्र सांगत होते गॅब्रिएलचं. बिकोवरचं गाणं सुरू झालं आणि ते काय आहे हे माहीत नसलेली माणसंही मूठ वर करून उभी होती म्हणे. त्यांना 'स्लेजहॅमर'चा व्हिडिओ आम्ही चार-पाच वर्षांनी दाखवला तर म्हणाले, "हा तोच माणूस? एवढा मिश्किल?"

कोपऱ्यातला बाक

वऱ्हाडी_ठसा, तुमच्या काकांचा प्रश्न तोच माझा उरलेला अर्धा मुद्दा. मला तो मूठवाला गॅब्रिएल जास्त जवळचा. पण विनोद करता येणारा माणूस गंभीर गाणं लिहितो तेव्हा ते भाषण होत नाही, हेही कबूल करतो.

रानजाई

पुन्हा पाहिला! या वेळी मुलाला घेऊन. त्याला गाण्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त कोंबड्या कोणी केल्या ते हवंय.

चौकट_चोवीस

निक पार्कने. तेव्हा आर्डमनमध्ये नवा होता. पुढे त्यानेच वॉलेस आणि ग्रॉमिट केले, आणि २००० मध्ये पीटर लॉर्डबरोबर 'चिकन रन'. म्हणजे ओव्हनमध्ये जायला तयार असलेल्या कोंबड्यांपासून सुरुवात करून तो खुराड्यातून पळणाऱ्या कोंबड्यांपर्यंत पोचला. मुलाला 'चिकन रन' दाखवला नसेल तर आजच दाखवा.

रानजाई

दाखवलाय, पाठ आहे. आता त्याला घरी करून बघायचंय. बाबाला काचेखाली झोपवणार म्हणतोय. काय काय लागेल? बाबा तयार आहे, पण १६ तास नाही.

चौकट_चोवीस

वा! बाबाला काचेखाली नका घालू, जोखीम आहे. त्याला जमिनीवर चटईवर झोपवा, वस्तू चेहऱ्याभोवती चटईवरच मांडा, परिणाम जवळजवळ तसाच येतो. फोन वरून खाली बघेल असा घट्ट बांधा, हातात धरायचा नाही. स्टॉप मोशनची फुकट अ‍ॅप मिळतात, त्यात मागची चौकट पुसट दिसते, तीच खरी मदत. सेकंदाला १२ चौकटी पुरे. खिडकीचा उजेड नको, ढग आला की चित्र लुकलुकतं. पडदे ओढून एकच दिवा लावा. सुरुवातीला गाणं-बिणं नको, नुसती भेंडी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चालवा. दहा सेकंदांचं झालं की इथे टाका.

मिरजेची_सून

भेंडी का? टोमॅटो घरंगळतात म्हणून?

चौकट_चोवीस

हो. आणि भेंडी मिशी म्हणूनही चालते.